भिंतीजवळची फट

उमरखेडजवळच्या एका गावात शाळेच्या सभागृहाची फरशी शीलाने बसवली, तेव्हा जानेवारीची थंडी होती. टाइल्स बसवणारी बाई त्या भागात दुसरी कोणी नव्हती. तिने चारही भिंतींलगत बोटभर फट मोकळी सोडली.

ठेकेदार धरमसिंग फट पाहून भडकला. "परवा उद्घाटन आहे. सिमेंट भर त्याच्यात."

"नाही भरत, भाऊ. उन्हाया आला का फरशी फुगते. तिले सरकायले जागा पायजे. वरून पट्टी लागली का फट दिसत बी नाही."

"पट्टी आठ दिवसांनी येते. तू मले शिकवून राह्यली का?"

"हो," शीला म्हणाली आणि जेवायला गेली.

परतली तर भावसिंग नावाचा दुसरा मिस्त्री फटीत ओलं सिमेंट दाबत होता. एक भिंत भरूनही झाली होती. शीलाने पिशवीतून छिन्नी काढली, गुडघ्यांवर बसली आणि सिमेंट खरवडून बाहेर फेकू लागली. मुख्याध्यापक, मजूर, बाया, सगळे दारात जमले.

"चाल, निघ साइटवरून!" धरमसिंग ओरडला.

"निघते. पण हे काढून निघते. फरशी माह्या हातची आहे."

भावसिंगने थापी खाली ठेवली. मग दुसऱ्या टोकाला बसून तोही आपणच भरलेलं उकरू लागला. धरमसिंगाने दोघांनाही कामावरून काढलं.

दोन दिवसांत दुसरा मिस्त्री मिळाला नाही, म्हणून उद्घाटन उघड्या फटीसकट झालं. पुढे शाळेचा व्हरांडा धरमसिंगाने दुसऱ्याकडून करवून घेतला, टाइल्स एकमेकींना आणि भिंतीला घट्ट भिडवून. मे महिन्यात एका दुपारी तिथे फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मधल्या दोन रांगा तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या. शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. सभागृहाची फरशी मात्र जागची हलली नव्हती.

धरमसिंग शीलाच्या दारात आला. "चाल ना, शीलाबाई. व्हरांडा करून दे."

"येते. पण फटीत कोणी हात घालायचा नाही. अन् भावसिंगदादा माह्यासंगं राहीन."

"बरं, बोलावतो त्याले."

"मी बोलावते. तवरोक तुमी उखडलेल्या टाइल्स उचला."

"मी?"

"मंग कोण?"

दुसऱ्या दिवशी ती दोघं पोहोचली, तेव्हा ठेकेदार घामाघूम होऊन फुटक्या टाइल्सचं घमेलं बाहेर नेत होता.