मेडशीचा डबा

बाबांना मेडशीला न्यायचं म्हणजे अर्धं घर सोबत न्यायचं. गोळ्यांची पिशवी, डॉक्टरांची फाईल, टेकायला तीन उशा, उलटीसाठी घमेलं, दोन टॉवेल, नाकातल्या नळीतून खाणं द्यायची सिरिंज. सकाळपासून मी बॅग भरत होतो आणि बाबा पलंगावर बसून बघत होते. त्यांच्या अन्ननलिकेत गाठ आहे. तीन महिन्यांपासून घोटभर पाणीही तोंडानं उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, कुठे न्यायचं असेल तर आताच न्या. त्याचा अर्थ बाबांना माझ्याआधी कळला असावा. त्यांनी लगेच धाकट्या लेकीचं नाव घेतलं.

आमच्या आसेगावहून तिचं सासर मेडशी म्हणजे काही परदेश नाही. पण वर्षाराणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि बाबा तिच्या घरी एकदाही जेवलेले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही जुनी रीत. लोकांनी ती कधीच गुंडाळून ठेवली, आमच्या बाबांनी, शालिग्रामरावांनी, मात्र धरून ठेवली. वर्षाला मूल झालं नाही. बाबा घरून डबा न्यायचे, मेडशीच्या स्टँडवर बसून भाकर खायचे आणि मग तिच्या दारात जायचे. तिथे पाणीसुद्धा नाही. ती दर वेळी ताट वाढायची, बाबा ताटाला हात जोडून ते बाजूला सरकवायचे. मागच्या वेळी तिनं वाढलंच नाही. मला तेव्हा बाबांचा फार राग आला होता. अजून तो पुरता गेलेला नाही.

या वेळचा डबा म्हणजे थर्मास. मुगाचं वरण आणि भाताची पेज मिक्सरमधून काढली, दोनदा गाळली, भरली. पाण्याची बाटलीही घरचीच. दर तीन तासांनी खाणं द्यायचं, मग नळीत पाणी सोडायचं. असं करता करता तीन महिन्यांत माझी सलग झोप झालेली नाही. म्हणून थर्मास बॅगेत जरा आदळूनच ठेवला.

बाबांनी वाकून तो बाहेर काढला.

मला वाटलं, बारगळलं सगळं. "जायाचं नाई काय आता? गाडी येऊन राह्यली."

"जायाचं हाय. हे राहू दे." आवाज कसाबसा निघत होता.

"मंग तिथं काय खासान?"

"वर्षी करते ते."

मी खालीच बसलो. नऊ वर्षं गिळलेला राग त्या दिवशी गिळता आला नाही. "आता कायले, बाबा? खाता येत होतं तवा तिच्या ताटाले हात लावला नाई. आता नळीतून थेट पोटात जाते. तुमाले चवबी समजत नाई."

"मले नाई समजत," बाबा म्हणाले. "तिले तं समजते ना."

दम खायला ते थांबले. "लेकराची वाट पाहत बसलो. आता मलेच टाइम नाई. लाव तिले फोन."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"वर्षे, मुगाचं वरण कर. पातय कर, गाळून घे. तुह्या घरी जेवाले येऊन राह्यलो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"दादा," ती मला म्हणाली, "मीठ किती टाकू?"

नळीतून जाणाऱ्या वरणाला चवीचं काय, असं मी सांगणार होतो. बाबा माझ्याकडे बघत होते.

"पाहुणे आल्यावर टाकतं तेवढं टाक," मी म्हणालो. "अन् चाखून पाह्य."

थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातला. बाबांच्या खाण्याचं म्हणून बॅगेत फक्त सिरिंज राहू दिली.