देवीने ऊ मागितली

मुलांनो, माझ्याबरोबर कल्पना करा. शनिवारचा दिवस, पुण्यात कर्वेनगरमधल्या एका सोसायटीचा दुसरा मजला. दाराबाहेर चपलांचा ढीग, पार जिन्यापर्यंत. आत टीपॉयवर एक जुनं काचचित्र उभं केलंय: हिरव्या शालूतली देवी, नाकात मोत्याची नथ. तिच्यापुढे परातीत उकळतं पाणी. वाफ काचेवर चढते, देवी धुक्यात बुडते आणि त्या धुक्यातून हळूहळू अक्षरं उघडी पडतात: मला जाऊ दे.

आला ना अंगावर काटा? स्पृहाच्याही आला. ती दहा वर्षांची होती आणि ते घर तिचंच होतं.

"आला! देवीचा मेसेज आला!" पूजेला बोलावलेले महिपतीबाबा महाराज गरजले. थोड्या वेळापूर्वी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावून काच शालीने पुसली होती, मंत्र पुटपुटत तिला बोट लावलं होतं. "काचेत शक्ती कोंडली आहे. व्हायब्रेशन्स अडकली, की घरातली कमाई अडकते. तुमच्या सलिलरावांचं तेच झालंय."

सलिल म्हणजे स्पृहाचे बाबा. साल होतं दोन हजार एक. अमेरिकेतली कामं आटली आणि बाबांच्या सॉफ्टवेअर कंपनीने एका शुक्रवारी अर्धा मजला घरी पाठवला. तेव्हापासून बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालत आणि घरीच बसत.

"मग काय करू, महाराज?" बाबांनी हात जोडले.

"विसर्जन. मंगळवारी पुन्हा येतो, रीतसर निरोप देऊ. मग आमचा शंभू चित्र नर्मदेत सोडून येईल."

शंभू नावाचा त्यांचा शिष्य तोवर चित्र उलटंपालटं करून बघत होता. "चौकट मूळचीच ना हो? की मागाहून बसवलीय?"

"मूळची. शिसवी आहे," दिगंबर आजोबा म्हणाले. चित्र त्यांच्या आईचं होतं. त्यांनी एकदा देवीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तिलाच राहायचं नसेल, तर मी कोण अडवणार?"

आजोबा चित्रकलेचे शिक्षक होते. हे चित्र कसं काढतात ते त्यांनीच तिला समजावलं होतं. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं आणि पुढून बघायचं. त्यामुळे सगळी रीत उलटी. नथीचा मोती आधी, मग नाक, मग गाल, आणि आकाश सगळ्यात शेवटी. डावं-उजवंसुद्धा उलटं. अक्षरं तर आरशात दिसतात तशी काढायची, तेव्हा कुठे ती पुढून सरळ दिसतात.

रविवारी तिने विचारलं, "आजोबा, देवी काचेच्या मागे आहे ना? मग तिने लिहिलेलं आपल्याला उलटं दिसायला हवं होतं."

"देवीला सगळं येतं, बाळ," आजोबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एरवी ते तिच्या कुठल्याही प्रश्नाला असं उत्तर देत नसत.

सोमवारी दुपारी स्पृहा चित्राजवळ गेली आणि तिने काचेवर नुसतं 'हाऽ' केलं. अक्षरं आली! ना मंत्र, ना परात. मग तिला वाटलं, देवीने आतून लिहिलं असेल, तर बाहेरून पुसून काय बिघडणार आहे? तिने रुमाल ओला केला आणि फक्त 'जा' होता तेवढीच जागा घासून पुसली. पुन्हा 'हाऽ' करून बघायचा मात्र तिला धीर झाला नाही.

मंगळवारी गर्दी दुप्पट. तळमजल्यावरच्या विमलाबाई सर्वांत पुढे. "माझी सरस्वतीसुद्धा अशीच बोलली हो," त्या येईल त्याला सांगत होत्या. त्यांचं काचचित्र महिन्यापूर्वीच 'विसर्जनाला' गेलं होतं.

"देवी आपला शब्द फिरवत नसते," महाराज म्हणाले. वाफ चढली. "सलिलराव, मोठ्याने वाचा!"

बाबांनी वाचलं, "मला... ऊ दे."

मागून कोणीतरी विचारलं, "ऊ? डोक्यातली?"

"आमच्या नातवाकडे आहेत भरपूर," शेजारचे बापूराव म्हणाले. "पाठवतो. परत नाही दिल्या तरी चालेल."

हशा पिकला. महाराजांच्या कपाळावर घाम. "ऊ म्हणजे ऊर्जा! देवी संक्षेपात बोलते!"

"शनिवारी जाते म्हणाली आणि आज बॅटरीचे सेल मागतेय?" गर्दीतून आवाज आला.

"'जा' मी पुसला," स्पृहा म्हणाली. "ओल्या रुमालाने. बाहेरून."

"विटाळ केलास, कार्टे!" महाराज ओरडले. पण ती न्हाणीघरातून साबणाची कोरडी वडी घेऊन आली होती. तिने काच स्वच्छ पुसली, साबणावर बोट घासलं आणि काचेवर फिरवलं. काहीच दिसेना. मग परात जवळ सरकवली. धुक्यातून अक्षरं उमटली: स्पृहा.

"वाफेचे बारीक थेंब काचेवर बसतात, म्हणून ती पांढरी दिसते," आजोबा सावकाश उठत म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज लागला होता. "साबण लागलेल्या जागी थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पसरतं. तिथे काच स्वच्छ राहते. महाराज, आम्ही डोळे मिटले होते तेव्हा तुमचं बोट हेच करत होतं. आणि काय हो शंभूराव, बुडवायच्या चित्राची चौकट मूळची आहे का, याची चौकशी कशाला?"

शंभू तोवर चपला शोधत होता. त्या वर्षांत नवे बंगले, नवी हॉटेलं उभी राहत होती. इथले आणि परदेशातले हौशी संग्राहक अशा चित्रांना, तेही मूळ चौकटीसकट, चांगली किंमत देऊ लागले होते. पिढ्यान्‌पिढ्या ती भिंतीवर लावणाऱ्यांनाच तेवढं ते ठाऊक नव्हतं.

दोघं पसार झाले. लोक हसत होते. बाबा हसले नाहीत. "म्हणजे ती काही बोललीच नव्हती," ते हळूच म्हणाले. नोकरी का गेली याचं एक तरी कारण हाती लागलं होतं, तेही गेलं.

विमलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. "मी स्वतः गुंडाळून दिली हो सरस्वती. धक्का लागू नये म्हणून मऊ धोतरात."

बापूरावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

मुलांनो, विमलाबाई काही वेड्या नव्हत्या, बाबाही नव्हते. घाबरलेल्या माणसाला लवकर उत्तर हवं असतं आणि ते घेऊन कोणीतरी दारात उभं असतंच. म्हणून चमत्कार दिसला की डोळे मिटू नका. त्या वस्तूला आधी कोणाचा हात लागला होता, एवढं विचारा. जमलं तर स्वतः करून बघा. विचारल्याने खऱ्याचं काहीच बिघडत नाही.

स्पृहाने साबणाची वडी फ्रॉकच्या खिशात टाकली, चपला घातल्या आणि विमलाबाईंचा हात धरला.

"चला आजी, पोलीस चौकीवर. बाबा, तुम्ही पण चला. आणि किटली घ्या, तिथे गरम पाणी मिळेलच असं नाही."