काटा ‘वादळ’वर गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना हवादाबमापक आहे. बॅरोमीटर म्हणालात तरी मी रागावणार नाही. पितळी तबकडी, एक काटा आणि पोटात हवा काढून घेतलेली पातळ डबी, एवढाच माझा संसार. बाहेरच्या हवेचा दाब घटला की काटा ‘वादळ’ या शब्दाकडे सरकतो. आधीच सांगून ठेवतो, मी आजवर कधी खोटं बोललेलो नाही.

माझे मालक हवामानशास्त्रज्ञ. वेधशाळेत त्यांची सारी नोकरी माझ्या शेजारी झाली आणि निवृत्तीला सहकाऱ्यांनी मलाच त्यांना भेट दिलं. रोज सकाळी ते माझ्या काचेवर हलकेच टकटक करत, म्हणजे अडकलेला काटा मोकळा होई. “आधी त्याची विचारपूस, मग माझी!” त्यांच्या पत्नी चिडवत. त्या गेल्या आणि मालक एकटे पडले. मग ते मला घेऊन एका उंच टेकडीवर, ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला आले.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला भिंतीवर टांगलं, टकटक केली आणि दचकलेच. काटा थेट ‘वादळ’वर! तसेच भोजनगृहात जाऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं. बागेतला गाण्याचा कार्यक्रम रद्द झाला, खुर्च्या आत आल्या आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं.

“काय साहेब, वादळ वाटेत जेवायला थांबलं वाटतं?” एका मिश्कील आजोबांनी विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

मी बरोबरच होतो. उंचावर हवेचा दाब कमीच असतो. जागा बदलली की माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवून काटा जुळवून घ्यावा लागतो. मालकांनी हेच कितीतरी जणांना शिकवलं होतं.

संध्याकाळी त्यांना ते आठवलं. मला कपाटात टाकून त्यांनी लेकीला फोन लावला. “माझं डोकं चालेनासं झालंय गं. मला इथून घेऊन जा.” कपाटात मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या निवृत्त नर्सबाई चहा घेऊन आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “अहो, थर्मामीटर न झटकता लावला की धडधाकट माणसालाही ताप दिसतो. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांनाच तसं झोपवून ठेवलं होतं! नोकरीचा पहिला दिवस होता माझा. तुम्हीसुद्धा कालच घर सोडून आलात ना?”

मालकांचे डोळे भरून आले. मग ते हसले. “स्क्रू-ड्रायव्हर आहे का हो तुमच्याकडे?”

दुसऱ्या दिवशी भोजनगृहात सगळ्यांसमोर त्यांनी आपली चूक सांगितली आणि माझा स्क्रू फिरवला. पहिली टकटक त्या मिश्कील आजोबांनीच केली. आता मी तिथेच दाराशी असतो. बागेतला कुठलाही कार्यक्रम मला विचारल्याशिवाय ठरत नाही.

मित्रांनो, जुनं यंत्र असो वा जुनं माणूस, नव्या जागी चुकलं म्हणून लगेच कपाटात टाकू नका. जुळवून घ्यायला थोडा वेळ द्या, जवळ बसा.

परवा लेकीचा फोन आला. “बाबा, येऊ का न्यायला?”

“ये की. पण न्यायला नको, भेटायला ये. आणि छत्री आण.”

आभाळ निरभ्र होतं, म्हणून ती छत्री न घेताच निघाली. चिंब भिजून आली बिचारी.