दारात न मावलेला जिल्हा

तुम्ही कधी भविष्यकाळ डोळ्यांनी बघितलाय का? नाही ना? मग जरा वाकून जिन्याखाली बघा. हात तेवढा लावू नका, झाडं निघून येतात.

मी वीस वर्षांनंतरचा जिल्हा बोलतोय. थर्मोकोलचा आहे, पण जिल्हा आहे.

जिल्हा परिषदेनं ठरवलं, की पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचा. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, सगळं आधीच ठरवून ठेवायचं. पण आराखडा म्हणजे जाडजूड बाड, ते वाचणार कोण? म्हणून कुणीतरी सुचवलं, आधी मॉडेल करा, म्हणजे सगळ्यांना नुसतं बघून कळेल. काम मिळालं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला. त्यानं जन्मात कधी जिल्हा केला नव्हता, पण माणूस हौशी. स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुचकळून त्यानं झाडं केली. आगपेट्यांना खिडक्या काढून शाळा आणि दवाखाने केले. नदीला निळा जिलेटीन कागद लावला. डोंगर मात्र त्यानं आपल्या मनानं एक जास्तीचा घातला. "बरा दिसतो," म्हणाला. तो डोंगर आजपर्यंत एकाही अधिकाऱ्याच्या लक्षात आलेला नाही.

मला टेम्पोतून मोठ्या थाटात आणलं आणि मी सभागृहाच्या दारातच अडकलो. मला आडवा करून बघितलं, उभा करून बघितलं, तिरका करून बघितलं. शेवटी शिपाई घाम पुसत म्हणाला, "साहेब, जिल्हा आत जात नाहीये."

साहेब म्हणजे नियोजन अधिकारी. फार पापभीरू माणूस. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. आपल्याला कुणी नावं ठेवू नयेत, एवढीच त्यांची आयुष्यातली मागणी.

"वीतभर कापावं लागेल," पेंटर म्हणाला. "कुठल्या बाजूनं कापू?"

साहेबांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. पश्चिमेला अध्यक्षबाईंचं गाव. उत्तरेला विरोधी गटाच्या नेत्याचं. दक्षिणेला बांधकाम सभापतींची सासुरवाडी, म्हणजे गावापेक्षाही नाजूक प्रकरण.

"पूर्वेकडून काप," साहेब म्हणाले. "तिकडं आमचीच माणसं राहतात. ती काही बोलणार नाहीत. आत गेल्यावर पट्टी परत चिकटव."

करवत चालली. एक ओढा आणि ओढ्यापलीकडची एक वाडी माझ्यापासून सुटी झाली. मी आत गेलो, पट्टी व्हरांड्यात राहिली. तिच्यावर कुणीतरी चहाची किटली ठेवली. चिकटवायचं काम उद्यावर गेलं, मग सोमवारवर, मग कुणाच्याच डोक्यात राहिलं नाही.

त्यानंतर माझ्याभोवती आराखडा सुरू झाला. खरे नकाशे कपाटात होते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. म्हणून सगळी खाती मलाच बघून लिहायला लागली. पाटबंधारेवाल्यांनी तलाव मांडला, तर बांधकामवाले म्हणाले तिथून आमचा रस्ता जातो. दोघं तासभर भांडले आणि शेवटी तलावाच्या मधून रस्ता काढून चहाला गेले. जेवणाच्या सुट्टीत एकेक सदस्य सहज आल्यासारखा यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि बसस्थानक बोटभर आपल्या गावाकडं सरकवायचा. त्या बसस्थानकानं प्रत्यक्षातल्या एसटीपेक्षा जास्त प्रवास केला असेल.

मग लोकांना बोलावलं. ज्याला जे हवं तिथं हिरवी टाचणी टोचायची, ज्याला हरकत असेल त्यानं लाल. माणसं कशी असतात ते मला त्या दिवसांत कळलं. स्वतःसाठी काही मागताना लाजतात, पण शेजाऱ्यावर हरकत घेताना अजिबात लाजत नाहीत. एका गृहस्थानं तर सगळ्या लाल टाचण्या आपल्या सख्ख्या भावाच्या घरावर टोचल्या. मी गप्प बसलो. थर्मोकोल आरडाओरडा करत नाही.

आराखडा छापून आला. दुसऱ्या दिवशी त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी मिळायची होती. त्यात जे असेल ते होणार, जे नसेल त्याला वीस वर्षं पैसा नाही.

त्या दुपारी एक म्हातारी बाई छत्री टेकत आली. माझ्याभोवती दोनदा फिरली आणि पूर्वेच्या काठाशी थांबली.

"आमची वाडी कुठंय?"

"आजी, नीट बघा, असेल," शिपाई म्हणाला.

"नीटच बघतेय. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. इथं ओढाच नाही, तर वाडी कुठून असणार?"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. "आत्या! तू इथं?"

"का? तुझ्या हापिसात यायला तुझी चिठ्ठी लागते? बाळ्या, आमची वाडी कुठं घातलीस?"

हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या.

"आत्या, इथं बाळ्या नको म्हणूस."

"बरं. बाळ्यासाहेब, आमची वाडी कुठं घातलीत?"

शिपायानं तोंडावर रुमाल धरला. साहेबांनी आत्याला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, ती हलली नाही. मग त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. दार, करवत, पट्टी. "कुणाचं तरी कापावंच लागणार होतं गं. दुसऱ्या कुणाचं कापलं असतं तर केवढा बोभाटा झाला असता! म्हटलं, आपली माणसं समजून घेतील."

"तेच घ्यायला आलेय. आता समजावून सांग," आत्या म्हणाली. "नात चौथी पास झाली. पुढची शाळा ओढ्याच्या अलीकडं. पावसाळ्यात ओढ्याला कमरेएवढं पाणी असतं. तिचा बाप म्हणतो, घरी बसू दे. आई म्हणते, मामाकडं पाठवू. पोरगी रडून रडून अर्धी झालीय. मी सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, माझा भाचा आराखडा करतोय, पूल होईल. आता घरी जाऊन काय सांगू? पूल राहू दे, आपण राहतो ती वाडीच नाहीये?"

"अगं, छापून झालंय सगळं. आता ऐन वेळी तुमच्या वाडीचं नाव काढलं, तर लोक म्हणतील साहेबानं नातेवाइकांची सोय केली."

"आणि कापलंस तेव्हा कुणी म्हणालं नाही, साहेबानं नातेवाइकांची गैरसोय केली?"



आत्यानं एक स्टूल ओढलं, माझ्या कापलेल्या काठाला लावलं आणि त्यावर बसली. "ही वाडी," म्हणाली. "आता करा तुमचा विकास."

शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती तिथंच बसून होती. कुणाशी भांडली नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "आजी, कुणाकडं आलात?" ती म्हणायची, "आले नाही, मी इथलीच. नकाशातून पडलेय." तिचा एक हात माझ्या कडेवर होता. तिथं करवत लागल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. जाताना तिनं भाच्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, आणि साहेब कितीतरी वेळ त्या रिकाम्या स्टुलाकडं बघत उभे राहिले.

आता मी जिन्याखाली आहे, मोडक्या पंख्यांच्या शेजारी. माझ्या नदीवर धूळ बसलीय आणि जंगल उंदरांनी नेलंय. माझी तक्रार नाही. भविष्यकाळाला शेवटी कुठं तरी ठेवावंच लागतं. फक्त एक विनंती आहे. पुन्हा कधी कुणी तुम्हाला असा जिल्हा दाखवला, तर स्टेडियम आणि उड्डाणपूल बघून हरखून जाऊ नका. आधी आपलं घर शोधा. सापडलं नाही तर मोठ्यानं विचारा. विचारताना तिथं आपला भाचा आहे की काका, हे बघू नका.

आत्या आली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. साहेब सगळ्यांच्या आधी उठले, वाडी आपण कशी कापली ते त्यांनी सांगितलं आणि पूल मागितला. निम्मं सभागृह ओरडलं, की साहेब नातेवाइकांची सोय करताहेत. साहेब म्हणाले, "हो, माझी आत्या आहे ती," आणि खाली बसले नाहीत. पूल पहिल्या टप्प्यात मंजूर झाला.