भाताच्या कोठीत राहायला आलेली बाई

मी एक जुनी भाताची कोठी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका, मित्रांनो; माझे चारही खांब फणसाचे आहेत आणि एकही अजून हललेला नाही. बालीच्या बेटावर, डोंगराच्या दक्षिण उतारावर, सुवेताच्या शेताच्या कडेला मी उभी आहे. मला बांधलं तेव्हा प्रत्येक खांबाचं बुंध्याकडचं टोक खाली ठेवलं होतं. झाड जसं वाढलं तसंच ते घरातही उभं राहायला हवं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, हल्लीच्या ठेकेदारांना तेवढं कळत नाही.

वर गवताच्या छपराखाली भात, त्याखाली खांबांना लाकडी चकत्या, आणि तळाशी बसायला ओटा, असा माझा थाट. उंदीर खांबावरून चढायचे आणि चकतीला डोकं आपटून माघारी फिरायचे. माझ्या पोटात भाताची देवी, देवी श्री, राहायची. भात काढायला फक्त घरची बाई चढायची, तीही न्हाऊन, तोंडातून चकार शब्द न काढता. सुवेताची आई, जिला सगळे दादोंग रिंदित म्हणजे रिंदितआजी म्हणतात, ती नवी नवरी होऊन आली तेव्हा माझ्या शिडीवर पायरी पायरी चाचपत चढली होती. पुढे तिची जीभ गावभर गाजली. माझ्या पोटात मात्र ती कायम गप्प. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी मला बघायचे, मग पोरीला.

मग झटपट पिकणारं भात आलं. ते शेतातूनच पोत्यात जातं आणि पोत्यातून गिरणीत. माझ्या वाट्याला खाली ओट्याच्या कडेला मोडक्या खुर्च्या, स्कूटरचे टायर आणि कोंबड्यांची डालगी आली. बोलून ऐकणार कोण?

अशात हेल्मी आली. फिनलंडची, साठीला टेकलेली, माडासारखी उंच. सारा जन्म तिनं बर्फातून ट्राम चालवली होती. गावात भाड्यानं राहून ती आमची भाषा मोडकीतोडकी शिकली होती, आणि आता तिला इथं हक्काचं घर हवं होतं. गुनार्ता नावाच्या दलालानं तिला आमच्या शेतावर आणलं. तिनं जमीन विकतच मागितली, तेव्हा दादोंग हसली. परक्या माणसाच्या नावावर इथली जमीन होत नाही, तसा कायदाच आहे. पण दादोंगला कायदा कशाला लागतो?

ती म्हणाली, "बाई गं, या मातीत आमचे पूर्वज आहेत. ते काय तुझ्या पिशवीत घालून देऊ? राहायला घे. पंचवीस वर्षं रहा. तोवर मी नसेन, आणि तूही काही नाचत नसशील."

हेल्मीला ते पटलं. सुवेतालाही माझ्याभोवतीचा पडीक तुकडा भाडेपट्ट्यानं द्यायचाच होता. प्रश्न उरला तो माझा. गुनार्ताचं म्हणणं, कोठी पाडा, लाकूड विका आणि तिथं पोहायचा हौद करा. हेल्मी म्हणाली, कोठी राहणार असेल तरच मी येईन, मला हिच्यातच राहायचंय.

वारा पडलेला होता, तरी माझं गवत सळसळलं, मित्रांनो. एवढ्या वर्षांनी माझ्यात माणूस राहायला येणार होतं.

करारासाठी चांगला दिवस पाहिला. सगळे ओट्याभोवती जमले, कॉफी झाली. हेल्मी हरखून सांगू लागली, वर माळ्यावर माझा पलंग, उत्तरेला मोठी खिडकी, डोळे उघडले की समोर डोंगर. आणि नीट कळावं म्हणून ती ओट्यावर आडवीच झाली. तिचे लांबलचक पाय, तळवे थेट डोंगराकडे.

सुवेतानं मान खाली घातली. दादोंग उठली आणि म्हणाली, "हिच्या पोटातून डोंगराला पाय दाखवण्यापेक्षा ही पाडलेली बरी."

ते माझ्या वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी गुनार्तानं जुनं लाकूड घेणारा माणूस आणला. तो माझे खांब ठोकून पाहत होता. बैलाचे बघतात तसे माझे दात बघायचेच काय ते राहिले.

त्याच दुपारी दादोंग कोंबड्यांना दाणे टाकायला आली, आणि पाठोपाठ हेल्मी. देवळात जाताना बांधतात तसा कमरेला शेला बांधून, ओट्यावर न बसता ती खाली मातीत बसली.

"दादोंग, माझं काय चुकलं?"

"आईच्या तोंडाकडे पाय करून झोपतेस का तू?"

"नाही."

"डोंगरावर देव आहेत. आमचं डोकं तिकडे, पाय समुद्राकडे. आणि देवीच्या खोलीत पलंग टाकतेस? उद्या देवळात न्हाणीघर काढशील."

हेल्मीनं आपले लांब पाय पोटाशी घेतले. मग म्हणाली, तिच्या घरी दाराकडे पाय करून कोणी निजत नाही, कारण तसं फक्त मढं बाहेर नेतात. नव्या सुनेनं एकदा तसा पलंग ठेवला, तर हेल्मीच्या आईनं तो एकटीनं ओढून फिरवला होता.

"म्हणजे बर्फातही अक्कल उगवते तर," दादोंग म्हणाली.

"पण मग मला डोंगर दिसणार नाही."

"झोपेत काय बघणार आहेस? उठून बस, आणि बघ."

हेल्मी इतकी मोठ्यानं हसली की कोंबड्या पळाल्या. ठरलं, खालच्या ओट्याला भिंती घालून तिची खोली, उशी डोंगराकडे, आणि माळा देवीचा. लाकूडवाल्याला हात हलवत परत जावं लागलं. माझ्या खांबाखांबात आनंद मावेना.

एक अडचण राहिली. हेल्मी आत शिरली की तुळईला कपाळ धडकायचं. मग खांबांखाली दगड देऊन, ओटा तेवढा आहे तिथंच ठेवून, मला उंच करायचं ठरलं, आणि त्यासाठी पेकाक मुद्रा, म्हणजे मुद्राआजोबा, हे म्हातारे मिस्त्री आले. आमच्याकडे घराची मापं मालकाच्या अंगावरून घेतात. सुवेता म्हणाला, आईची घ्या. दादोंग म्हणाली, कपाळ फुटतं तिचं, आणि मापं माझी कशाला? मग हेल्मीनं हात पसरले, पेकाकनी तिची उंची-रुंदी बांबूवर खुणावली. दर मापात शेवटी मालकाच्या मुठीएवढी भर घालतात, तो घराचा जीव. तो नसेल तर घर म्हणजे नुसती लाकडं. पेकाकनी हेल्मीला बांबूवर मूठ ठेवायला सांगितलं.

दादोंगनं तिचा हात हळूच बाजूला केला.

"उंची तिची घ्या. जीव माझा घाला. ही पंचवीस वर्षांनी जाईल, जीव इथंच राहायला हवा."

हेल्मीच्या खुणेला लागून तिनं आपली सुरकुतलेली मूठ टेकवली, आणि पेकाकनी तिथं कोयत्यानं खूण पाडली.

आता मी गावातली सगळ्यात उंच कोठी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसती झाडूनपुसून ठेवू नका, तिच्यात राहा, तिला आपलं माप द्या. मात्र आत पाऊल टाकण्याआधी घरच्या म्हातारीला विचारा, पाय कुठं करू. तिनं चार शब्द सुनावले तरी ऐकून घ्या. जीव तिच्याच मुठीत असतो.