विषारी हापशाचं म्हणणं

मी मेघना नदीकाठच्या एका अंगणातला हापसा बोलतोय. माझ्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मला इथं आणलं शाहिनूरच्या बापानं. लेकीला सासरी तळ्याचं पाणी प्यावं लागू नये म्हणून त्यानं लग्नात दागिन्यांऐवजी मला दिलं. शेजारणी पाण्याला आल्या की ती तोऱ्यात म्हणायची, "न्या गं, माझ्या बापाच्या घरचं आहे!"

दहा वर्षांनी एक संस्था आली. पाणी तपासलं आणि मला लाल रंग फासला. लाल म्हणजे पिऊ नका. मग बाजारात, चहाच्या टपरीसमोर, त्यांनी खोल हापसा खणून हिरवा रंगवला. सभाही तिथंच घेतली. पुरुषांनी भाषण ऐकलं, माना डोलावल्या, बिस्किटं खाल्ली. त्यांतल्या एकानंही जन्मात कळशी उचललेली नव्हती. संस्था खूश होऊन परत गेली.

"हापशाला लिपस्टिक लावून गेले मेले," शाहिनूरची सासू कोहिनूर म्हणाली.

"अम्मा, हिरव्याचं आणू का?"

"चाळीस बाप्ये बसलेले असतात टपरीवर. त्यांच्यासमोरून कंबरेवर कळशी घेऊन मिरवणार? घराची अब्रू आहे की नाही? आणि बापाचं पाणी एवढ्यात कडू झालं?"

शाहिनूर कळशी घेऊन माझ्याकडंच आली. तिनं दांडा दाबला. मी पाणी दिलं. मला नाही म्हणता येत नाही.

पुढं तिच्या तळहातांवर खरखरीत फोड उठले, छातीवर काळे डाग पडले. रोग लागेल म्हणून घरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं. पाणी मात्र सगळे माझंच पीत राहिले. तिला खोकल्यातून रक्त पडू लागलं, तेव्हा संस्थेची तंजिला वही घेऊन अंगणात आली. "घरात पाणी कोण भरतं? कुठवर जाता येतं?" ती विचारू लागली.

खाटेवरून शाहिनूर म्हणाली, "आपा, घरांच्या मागं, बांबूच्या बेटाकडं हिरवा हापसा खणला असता ना, तर आम्ही साऱ्याजणी गेलो असतो. तिकडं बाप्ये फिरकत नाहीत."

तंजिलाचं लिहिणं थांबलं. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा विचारलंत कुणाला?"

त्यानंतर अकराव्या दिवशी शाहिनूर गेली.

लोकांना शहाणं करायला निघालेल्यांनो, रंगाचे डबे उघडण्याआधी कळशी उचलणारीजवळ घटकाभर बसा. तिची वाट कुठून जाते, कुणाच्या नजरेला ती भिते, ते तिलाच विचारा. एवढंही जमत नसेल तर घरी बसा.

तंजिलाच्या वहीतला नवा हापसा अजून खणला गेलेला नाही. शाहिनूरची धाकटी जाऊ आता माझ्याकडं येते. तिला सहावा महिना आहे. ती बघा, तिनं कळशी माझ्या तोंडाखाली ठेवली. कुणीतरी या आणि माझा दांडा काढून न्या.