ओटीपी माझ्याकडे आलाच नाही

माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली आहे आणि माझी बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. मित्रांनो, असा एखादा जुना मोबाइल तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात पडलेला असेल. तो गप्प असतो म्हणून त्याला काही कळत नाही, असे समजू नका. आम्हाला सगळे कळते. म्हणून तर मी इतका संशयी झालो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यातले मला फारसे आठवत नाही. पांढरा उजेड, हातमोजे घातलेले हात आणि मग खोक्यातला अंधार, एवढेच. पुन्हा उजेड दिसला तेव्हा मी पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात होतो आणि अंकिता मला उलटसुलट करून पाहत होती. तिने दुकानदाराला एवढेच विचारले, की कमी उजेडात कॅमेरा कसा चालतो. ती हौसेसाठी विचारते आहे असे त्याला वाटले असावे. तसे नव्हते.

अंकिताचे काम कंटेनर तपासण्याचे होते. जासईच्या बाजूला कंटेनरची मोठमोठी यार्डे आहेत. तिथे ती रोज स्कूटीवरून जायची. परत आलेल्या कंटेनरला कुठे पोचा आला आहे, पत्रा कुठे गंजला आहे, दाराचे रबर कुठे फाटले आहे, ते पाहायचे, फोटो काढायचे आणि अहवाल पाठवायचा. कधी ती कंटेनरमध्ये शिरून बाहेरून दार लावून घ्यायला सांगायची. आत मिट्ट काळोख व्हायचा. छताला बारीकसे भोक असले, तर त्यातून उन्हाचा ठिपका दिसायचा. तो ठिपका मी टिपायचो. "याचा कॅमेरा माझ्या डोळ्यांपेक्षा बरा आहे," असे ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली. त्या दिवशी मला फार बरे वाटले होते.

आधी ती पगारावर होती. मग कंपनीने तिला आणि तिच्यासारख्या इतरांना बोलावून सांगितले, की यापुढे तुम्ही नोकरीत नाही, स्वतंत्र आहात. जितके कंटेनर तपासाल तितक्याचे बिल लावा. अंकिताला आनंद झाला. पण पहिल्या बिलाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज मी दाखवला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. कंपनीने कर म्हणून दहावा हिस्सा आधीच कापून घेतला होता.

रोडपालीच्या घरी तिने हे वडिलांना सांगितले. बळीराम त्यांचे नाव. तरुणपणी मिठागरात राबलेले, नंतर एका यार्डाच्या गेटवर पहारा केलेले. पाठ अजून ताठ, आणि बाजारहाट चालत जाऊनच करायचा हा नेम.

"कापला तो सरकारला भरला का त्यांनी?" त्यांनी विचारले. "का खिशान घातला?"

त्या दिवसापासून आमच्या घरात संशय राहायला आला. बिल जमा झाले की ती माझ्यावरचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचायची आणि कंपनीच्या हिशेबनिसाला फोन लावायची. तो कंटाळून उत्तरे द्यायचा, आणि त्याच्या कंटाळ्याचाही तिला संशय यायचा. तिच्याबरोबर काम करणारे उरणचे इक्बालभाई तिला समजावायचे, की कापलेला कर आपल्याच नावावर जमा असतो, सरकारी साइटवर तो दिसतो. पण इक्बालभाई कंपनीच्या साहेबांबरोबर चहा पितात हे तिने पाहिले होते. मग त्यांच्यावरही तिचा विश्वास बसेना.

अशात तिला प्रभाकर भेटला. कळंबोलीत पहिल्या मजल्यावर लोकांची कराची विवरणपत्रे भरून देण्याचे त्याचे छोटे ऑफिस होते. बाहेर रांग असायची. तो सगळ्यांशी घरच्यासारखा बोलायचा. अंकिताने कंपनीबद्दलची शंका बोलून दाखवताच त्याने मान डोलावली. कंपन्या अशाच असतात, तो म्हणाला, तुमच्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांना लुबाडतात. पण कापलेले सगळे मी परत आणून देतो, त्यातला थोडा वाटा मला द्या.

तिला तो तिथेच आवडला. जो आपल्यासारखाच संशय घेतो, तो माणसाला लगेच जवळचा वाटतो. मला मात्र तो आवडला नाही. त्याने अंकिताकडे फार वेळ पाहिलेच नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

त्याने घरातल्या मोठ्या माणसाचे आधार कार्ड मागितले. अंकिताने घरी येऊन बाबांच्या कार्डाचा फोटो माझ्याकडून काढून घेतला. कशाला लागते, असे बाबांनी विचारले. कराच्या कामाला, असे ती म्हणाली आणि तिने फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात बसली असताना माझ्यावर एकामागून एक ओटीपी येऊ लागले. प्रभाकर पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "मॅडम, आला असेल, सांगा." अंकिता आकडे वाचून दाखवायची. मित्रांनो, त्या मेसेजमध्ये आकड्यांच्या मागेपुढे शब्दही होते. एकात स्पष्ट लिहिले होते, की तुमच्या आयकराच्या खात्यावरचा मोबाइल नंबर बदलण्यासाठी हा ओटीपी आहे, तो कोणालाही देऊ नका. ते शब्द मी तितक्याच ठळक अक्षरांत दाखवले होते. पण तिने आकडेच वाचले. मी थरथरलो, वाजलो, यापलीकडे मला काय करता येणार?

पावसाळा सरता सरता तिच्या बँकेत परतावा जमा झाला. वाटले होते त्यापेक्षा जास्त आला. घरात पेढे आले. प्रभाकरचा वाटा त्याला पोहोचला. तिने मोठ्या उमेदीने इक्बालभाईंनाही त्याच्याकडे नेले, आणि प्रभाकर तिला म्हणाला, की तुम्ही माणूस आणलात, आता पुढच्या वर्षी तुमची फी नाही. ती खूश झाली. इक्बालभाईंना मात्र तिने हे सांगितले नाही.

मला एकच गोष्ट खटकत होती. दरवर्षी या दिवसांत आयकर खात्याचे मेसेज माझ्याकडे येत. विवरणपत्र मिळाले, तपासले, परतावा पाठवला, असे काही ना काही. या वर्षी एकही आला नव्हता. जिथून रोज आवाज यायचा, ती बाजू एकदम शांत झाली की यार्डातला पहारेकरीसुद्धा उठून बघतो. पण या शांततेकडे कोणी बघितले नाही.

दिवाळीनंतर अंकिताने विचुंब्यात एक छोटा फ्लॅट पसंत केला. बँकेने कर्जासाठी विवरणपत्राची पूर्ण प्रत मागितली. प्रभाकरने तिला फक्त पोचपावतीचा फोटो दिला होता. ती फोन करत राहिली आणि तो उद्या देतो, परवा देतो असे सांगत राहिला. शेवटी ती स्वतःच सरकारी साइटवर गेली आणि पासवर्ड नवीन करायला बसली. साइटने सांगितले, ओटीपी पाठवला आहे. ती माझ्याकडे पाहत बसली. मी तिच्याकडे पाहत बसलो. माझ्याकडे काही आलेच नव्हते.

"हा फोनच गेला," ती म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या कामानंतर संशय माझ्यावर आला. तिने माझे सिम काढून नव्या फोनमध्ये घातले आणि मला बाजूला सारले. नव्या फोनवरही ओटीपी आला नाही. मग तिला वाटले, बाबांनी कुठेतरी काही बटण दाबले असेल. तिने त्यांना तसे विचारले. बाबा उठून गॅलरीत गेले. त्या संध्याकाळी दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनीच तिला जुन्या पनवेलमधल्या एका सीएचे नाव दिले. किशोरी मॅडम. अंकिता दोन्ही फोन घेऊन त्यांच्याकडे गेली. मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि तिला तिच्या बँकेच्या नेट बँकिंगमधून आयकराच्या खात्यात शिरायला सांगितले. खाते उघडले. मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला.

"तुमच्या फोनला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे तुमचा नंबरच नाहीये. दुसऱ्या कोणाचा तरी आहे. ईमेलसुद्धा."

नंबर प्रभाकरचा होता. सगळे मेसेज त्याच्याकडे जात होते. त्यात आयकर खात्याचे एक पत्रही होते, ते साइटवर दिसले: तुम्ही मागितलेल्या सवलती संशयास्पद वाटतात, त्या तपासा आणि चुकीच्या असतील तर वर्षअखेरीपर्यंत सुधारा. डिसेंबर अर्धा झाला होता. तिने कधीही न भरलेले घरभाडे त्या विवरणपत्रात होते. कधी न दिलेली देणगी होती. आणि पुढे लिहिले होते, की वडील बळीराम गंभीर अपंग असून ते हिच्यावर अवलंबून आहेत.

अंकिता बराच वेळ त्या ओळीवरून नजर काढू शकली नाही. मग तिने विचारले, की कंपनीने कापलेला कर तरी भरला आहे का? मॅडमनी दाखवले. प्रत्येक बिलाचा कर तिच्या नावावर जमा होता. तिच्या स्कूटीचे पेट्रोल, बूट, हेल्मेट, कामासाठी घेतलेला मी, हे सगळे खर्च म्हणून दाखवता आले असते, हेही मॅडमनी सांगितले. त्यातून जेवढे परत मिळायचे तेवढे हक्काने मिळाले असते. खोटे लिहायची काही गरजच नव्हती.

घरी येऊन तिने आधी बाबांची माफी मागितली आणि मग ती ओळ त्यांना वाचून दाखवली. बाबांनी ती पुन्हा वाचायला लावली.

"तू सांगितलास त्याला असा लिवायला?"

"नाही, बाबा. मी वाचलंच नव्हतं."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले. मुलीवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवावे लागत होते, आणि ते तिला दिसत होते. मला वाटते, सगळ्या प्रकरणात तिला सर्वांत जास्त लागले ते हेच. मग बाबांनी चपला घातल्या आणि चल म्हणाले.

ते कळंबोलीपर्यंत चालत गेले. ती मागून, आणि तिच्या पर्समध्ये मी. बाबा न थांबता जिना चढले. प्रभाकरसमोर लोक बसले होते, प्रत्येकाच्या हातात फोन. बाबा सरळ टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"मी बळीराम," ते म्हणाले. "तुमी कागदावं ज्याला अपंग केलाव ना, तो. बघून घ्या नीट."

प्रभाकर हसला. त्याने खुर्ची पुढे केली, काका, बसा म्हणाला, ही नुसती पद्धत असते, सगळेच करतात.

"मना बसायचा नाय," बाबा म्हणाले. "मी उबा हाय, ह्याच बघायचा हाय तुमी."

मग ते नुसते उभे राहिले. समोरच्या एका बाईंनी हातातला फोन हळूच पर्समध्ये टाकला. मग शेजारच्या माणसाने खिशात. प्रभाकर कोणाला तरी फोन लावण्याचे नाटक करू लागला. अंकिताने किशोरी मॅडमकडे बसून आयकर खात्याला केलेल्या तक्रारीची प्रत त्याच्या टेबलावर ठेवली आणि दोघे खाली उतरले.

इक्बालभाईंना सांगणे याहून अवघड गेले. यार्डाच्या गेटबाहेर तिने त्यांना सगळे सांगितले, माफ झालेल्या फीसकट. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, "मला नेलंस ते माझ्या भल्यासाठी, की त्या फीसाठी?" भल्यासाठी, फीचे नंतर कळले, असे ती म्हणाली. ते खरे होते. पण इक्बालभाईंनी मान हलवली नाही. त्यांनी स्कूटर सुरू केली आणि ते निघून गेले.

किशोरी मॅडमनी वर्ष संपायच्या आत सुधारित विवरणपत्र भरून दिले. आलेला परतावा बहुतेक सगळा व्याजासह परत गेला. कर्ज लांबले आणि विचुंब्याचा तो फ्लॅट दुसऱ्याने घेतला. प्रभाकरच्या ऑफिसची पाटी एक दिवस उतरली. ती आता दुसरीकडे कुठे लागली आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. मला तरी ती कुठेतरी लागली असेल असेच वाटते.

माझे जुने दिवस काही परत आले नाहीत. यार्डात आता नवा फोन जातो. बँकेचे आणि कराचे मेसेज येणारे सिम पुन्हा माझ्यात आहे आणि मी खणात असतो. पण मेसेज आला की अंकिता तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. आगाऊ कर भरायच्या तारखा तिने स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहिल्या आहेत, आणि बाबा येता-जाता त्यावर बोट ठेवून विचारतात, "भरलास?"

यंदाच्या जुलैत दारावरची बेल वाजली. इक्बालभाई होते. किशोरी मॅडमनी त्यांचेही मागचे सगळे निस्तरून दिले होते, आणि यंदा आपले आपण भरायचे असे त्यांनी ठरवले होते. फक्त शेजारी कोणी तरी बसलेले हवे होते. झाल्या गोष्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. बाबांनी चहा ठेवला. अंकिता आणि इक्बालभाई टेबलाशी बसून एकेक रकाना मोठ्याने वाचत भरत गेले. शेवटी इक्बालभाईंच्या फोनवर ओटीपी आला. चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी फोन अंकितासमोर धरला.

"वाच ना जरा."

अंकिताने तोंड भिंतीकडे वळवले.

"मला नका दाखवू, इक्बालभाई. चष्मा शोधा. मी थांबते."

बाबांनी चष्मा शोधून दिला. इक्बालभाईंनी आधी शब्द वाचले, मग आकडे.

मित्रांनो, मला जाड कव्हर घालू नका, माझी काच पुसू नका, तरी माझे काही म्हणणे नाही. मी तुम्हाला काय सांगतो आहे, तेवढे शेवटपर्यंत वाचत जा.